आईच्या खोलीतला ओटा

आमच्या घरात 'वर' आणि 'खाली' एवढ्यावर भागत नाही. कुणाला हाक मारून "कुठे आहेस?" विचारलं, तर उत्तर "अर्धं वर" किंवा "अर्धं खाली" असं येतं. इथे परदेशात, हौगांग भागातलं हे कोपऱ्यावरचं जुनं घर उतारावर बांधलेलं आहे. फाटकातून आत आलं की गाडी लावायची जागा, तिथून दोन पायऱ्या चढून हॉल. हॉलच्या मागच्या बाजूने एक अर्धा जिना खाली स्वयंपाकघरात उतरतो आणि दुसरा अर्धा जिना वर झोपायच्या खोल्यांकडे जातो. हॉलच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली ओट्याशी काम करणाऱ्या माणसाचं डोकं दिसतं आणि वर खोलीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे पाय. घर घेताना एजंट म्हणाला होता, अशा घरात कुणीच कुणापासून फार लांब नसतं. विकणारा माणूस काहीतरी बोलणारच, म्हणून मी ते सोडून दिलं आणि भिंतींची ओल बघायला लागले.

मी हिशेब तपासायचं काम करते. या कामामुळे माझा स्वभाव असा झाला की स्वभाव असा म्हणून हे काम मिळालं, ते आता सांगता येणार नाही. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे मात्र खरं. नवरा म्हणतो, फ्रीज आणायच्या आधी मी दार मोजलं हे ठीक, पण तो उचलून आणणाऱ्या माणसांचे खांदेही मोजायला निघाले होते. ते खोटं आहे. मी फक्त जिन्याचं वळण मोजलं होतं.

आई मिरजेला राहायची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची सगळी नोकरी झाली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. वर्षातून एकदा ती आमच्याकडे यायची, दोन-अडीच महिने राहायची, आणि परत जायची. मी गोष्ट सांगतेय ती २०१४-१५च्या सुमाराची. तोवर तिच्या गुडघेदुखीने चांगलाच जोर धरला होता. तिला दिलेली खोली अर्धी वर, स्वयंपाकघर अर्धं खाली. म्हणजे सकाळच्या चहासाठी तिला दोन अर्धे जिने उतरावे लागत. ती कठड्याकडे तोंड करायची, दोन्ही हातांनी तो धरायची आणि आडवी एकेक पायरी उतरायची. मी खालून बघत उभी राहिले की म्हणायची, "तू बघू नकोस गं. तू बघितलंस की मला भीती वाटते."

ऑपरेशन करायचं नाही, हे तिचं ठरलेलं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या ऑपरेशनांनंतरची दुखणी काढली होती, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मिरजेच्या घरात ती एकटी होती. शेजारी चांगले होते, पण शेजारी म्हणजे शेजारी. तिने आता कायमचं आमच्याकडे यावं असं मला वाटत होतं. हा विषय काढला की ती एकच वाक्य बोलायची, "लेकीच्या घरी माणूस पाहुणा म्हणूनच शोभतं." ती अडीच महिने राहिली तरी कपडे कपाटात लावायची नाही. रोजची साडी खाटेखालच्या बॅगेतून काढायची आणि वाळलेली साडी घडी घालून पुन्हा बॅगेतच ठेवायची.

म्हणून मी घर वाढवायचं ठरवलं. स्वयंपाकघराच्या मागे फरशी घातलेलं अंगण होतं. कपडे वाळत घालायच्या दांड्या आणि कढीपत्त्याची एक कुंडी सोडली तर रिकामंच. तिथे स्वयंपाकघराच्याच पातळीवर एक खोली निघत होती. कोपऱ्यावरचं घर असल्यामुळे बाजूने एक बोळ फाटकापर्यंत जात होता, आणि त्याला उतार असला तरी पायरी एकही नव्हती. मागच्या हद्दीपासून किती अंतर सोडावं लागतं ते वाचून काढलं. जागा मोजली. मग मरीन परेडमधल्या एका आर्किटेक्ट बाईंना गाठलं. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, चिनी, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी माझी मापं बघितली आणि म्हणाल्या, "तुम्ही माझं निम्मं काम केलंय." मला बरं वाटलं.

खोली आखताना मी विचार केला तो असा. आईला माझ्या घरात राहायचा संकोच आहे. मग तिची खोली जितकी माझ्या घरापासून मोकळी, तितका संकोच कमी. बोळात उघडणारं तिचं स्वतःचं दार असावं, म्हणजे येताजाता कुणाला विचारायला नको. तिची स्वतःची बाथरूम. आणि एका कोपऱ्यात छोटासा ओटा, एक शेगडी, एक सिंक. लेकीकडे जेवते, जावयाच्या घरचं खाते, ही बोचणी तिला राहायला नको. राहायचं आमच्यात, पण असायचं स्वतःच्या घरी. या मांडणीत मला कुठेही चूक सापडली नाही, आणि चुका शोधणं हे माझं रोजचं काम आहे.

मिरजेकडे पाया खणायच्या आधी जमिनीवर फक्की टाकून घर आखतात. चुन्याच्या पांढऱ्या रेघांमध्ये उभं राहून माणसं "हा हॉल, ही मोरी" म्हणत फिरतात. इथे फक्की नव्हती. एका रविवारी सकाळी मी निळी चिकटपट्टी घेऊन अंगणातल्या फरशीवर खोली आखली. दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या. माझ्या मुलीने दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून पलंग केला. मग मी आईला हाक मारली.

"ये, तुझी खोली बघ."

"कुठाय खोली?"

"ही काय. अगं, तिकडून नको, तिथे भिंत आहे. दार इकडे आहे."

"बरं बाई, दारातून येते." तिने चपला पट्टीच्या बाहेर काढल्या, पदर सावरला आणि मोकळ्या जागेतून आत आली. नातीने तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं. "आजी, धिस इज युअर बेड."

"खिडकी?"

"या बाजूला. सकाळचं ऊन येईल."

"आणि मोरी?"

"इथे. बसून अंघोळ करता येईल. धरायला दांडी, इथे आणि इथे."

"छान केलंस," आई म्हणाली. "आमच्या वॉर्डात दोन पेशंटना मिळून एवढी जागा नसायची." तिने खोलीभर नजर फिरवली. तिला आवडली होती, हे मला दिसत होतं. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या लांबट चौकोनाकडे गेलं. "हे काय? देव ठेवायला?"

"तो ओटा. छोटाच आहे. शेगडी, सिंक, वर एक कपाट. म्हणजे तुला तुझं स्वतःचं करून खाता येईल."

"टू किचन्स!" मुलगी म्हणाली. "सो आतास, लाह!" आतास म्हणजे इथल्या बोलीत श्रीमंती थाटाचं, आणि लाह हे वाक्याला लावायचं नुसतं शेपूट.

आई हसली नाही. "आणि ते दुसरं दार कसलं?"

"ते बोळात उघडतं. फाटकापर्यंत एक पायरी नाही. तुला आमच्या हॉलमधून यायलाच नको."

"यायलाच नको," आई म्हणाली. मग उठली, दारातूनच बाहेर गेली, चपला घातल्या आणि म्हणाली, "ऊन लागतंय गं." आभाळ तर भरून आलेलं होतं.

त्या दिवसापासून तिचं काहीतरी बिनसलं. रागावली नव्हती. रागावली असती तर मला कळलं असतं, ती आवाज चढवते. ती फक्त नीट वागायला लागली. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासायची आणि आमच्या भांड्यांपासून बाजूला उभं करून ठेवायची. दुपारी चहा टाकायच्या आधी विचारायची, "मी चहा केला तर चालेल ना?" दोनदा तिने परतीच्या तिकिटाची तारीख विचारली. ती तारीख तिला पाठ होती.

मी यातून निष्कर्ष काढला की खोली लहान झाली. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पुन्हा अंगणात बसले आणि कपडे वाळत घालायच्या जागेतून एक फूट घेऊन खोली वाढवता येते का ते बघायला लागले. नवरा कठड्यावरून खाली वाकून बघत होता.

"आता काय मोजतेस?"

"तिला खोली लहान वाटतेय."

"आई असं म्हणाल्या?"

"म्हणाली नाही. म्हणून तर."

"मग विचार की त्यांना."

"विचारलं तर छान आहे म्हणते."

"मग छान असेल," तो म्हणाला आणि टीव्हीकडे गेला. मी आईला विचारलंच. ती म्हणाली, "आखलेली खोली नेहमी लहानच दिसते. भिंती उभ्या राहिल्या की मोठी होते. एवढं मोजतेस आणि हे ठाऊक नाही होय तुला?" म्हणजे प्रश्न जागेचा नव्हता. मग कशाचा, ते तिने सांगितलं नाही, आणि मोजण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही.

शनिवारी आर्किटेक्टबाई नकाशे घेऊन आल्या. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. आई टेबलाच्या टोकाला चवळीच्या शेंगा मोडत होती. बोलणं अर्थातच इंग्रजीत चाललं होतं. आईला इंग्रजी बोलायचा कंटाळा, पण कळतं सगळं. आयुष्यभर डॉक्टरांचं अक्षर वाचलेली बाई ती.

"एक अडचण आहे," आर्किटेक्टबाई म्हणाल्या. "वेगळं दार आणि वेगळं स्वयंपाकघर दोन्ही एकत्र दाखवलं, तर मंजुरी देणारे विचारणार की हे एक घर आहे की दोन? कुणी एका घराची दोन करून भाड्याने देत नाही ना, हे त्यांना बघावं लागतं. तसं काही नाही, आंटी तुमच्या आई आहेत, कुटुंब एकच आहे, असं मी लिहून देईन. पण प्रश्न येणार."

"बरोबर विचारतायत ते," आई इंग्रजीत म्हणाली.

आर्किटेक्टबाईंनी चमकून तिच्याकडे बघितलं. आईने शेंगांचं ताट बाजूला सरकवलं आणि माझ्याकडे वळून मराठीत सुरू केलं. "परक्या बाईला जे दिसलं ते तुला दिसलं नाही. एक घर की दोन, सांग ना त्यांना."

"आई, काय बोलतेस? एकच घर आहे."

"एका घरात दोन चुली कशाला लागतात?"

"अगं, तुझ्या सोयीसाठी! तूच म्हणतेस ना, लेकीच्या घरी पाहुणा म्हणूनच शोभतं? म्हणून तुला तुझं स्वतःचं..."

"लेकीच्या घरी राहायला मला संकोच वाटतो, असं मी म्हणाले. लेकीच्या घराबाहेर राहते, असं कधी म्हणाले?" तिचा आवाज आता चढला होता, आणि मला आश्चर्य वाटेल इतकं हायसं वाटलं. "ड्रेसिंग बदलायला मी घरोघरी जायचे, ठाऊक आहे ना तुला? मोठमोठ्या बंगल्यांतही जायचे. म्हातारीचा स्टोव्ह पडवीत मांडलेला दिसला की त्या घरात मला पुढचं काही विचारावं लागायचं नाही. सगळे अगदी गोड बोलायचे. 'आजींना आमचं तिखट सोसत नाही म्हणून वेगळं केलंय.' म्हातारी मान हलवायची. मीही मान हलवायचे आणि जखम धुवायचे."

वेगळी चूल म्हणजे काय, हे मला शिकवायला नको होतं. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले म्हणायचं नसलं तर चुली वेगळ्या झाल्या म्हणतात, आणि ऐकणारा समजतो. मी हे लहानपणापासून ऐकत आले. तरीही ओटा आखताना मला तो फक्त ओटाच दिसला होता, इतके सेंटीमीटर लांब आणि इतके रुंद.

"माझं काही चुकलं का?" आर्किटेक्टबाईंनी हळूच विचारलं.

"नो, लाह," मुलगी म्हणाली. "आजी इज स्कोल्डिंग मम्मी ओन्ली."

आवाज ऐकून नवरा अर्धा जिना उतरून आला होता. काय झालं ते मी त्याला थोडक्यात सांगितलं. तो आईच्या शेजारची खुर्ची ओढून बसला आणि ताटातल्या शेंगा मोडायला लागला. "मला एकच सांगा आई," तो म्हणाला. "तुम्ही तिकडे तुमच्या ओट्यावर आमटी करणार. मग मी काय वाटी घेऊन बोळातून येऊ? आणि बेल वाजवू?"

"वाजवायची. मी बघेन दार उघडायचं की नाही ते."

"बघा. हिच्या हातची आमटी खाऊन मी तुमच्या पायरीवर बसलेला असेन."

"त्या दाराला पायरी नाहीये," मी म्हणाले, आणि आई हसली. बऱ्याच दिवसांनी.

"अहो, शेंगा एवढ्या मोठ्या नका मोडू," ती त्याला म्हणाली. पण राहते म्हणाली नाही. जावई स्वतः टेबलाशी बसून बोलावतोय, हे तिने ऐकलं होतं, आणि माझ्या शंभर फोनांपेक्षा ते तिच्या लेखी जास्त होतं, हे मला माहीत होतं. तरी पुढे ती एवढंच म्हणाली, "बघू."

मी नकाशावरचा तो चौकोन खोडला. बोळाकडचं दार ठेवलं, गुडघ्यांसाठी. ओटा नसेल तर त्या दारावरून कुणी प्रश्न विचारणार नाही, असं आर्किटेक्टबाई म्हणाल्या. आता एकच काम उरलं होतं. खोलीत जायचं आतलं दार स्वयंपाकघरातून काढायचं, तर आमच्या ओट्याचं एक टोक तोडावं लागणार होतं. ते बघायला त्या उठल्या आणि ओट्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेला लाकडी पाट त्यांना दिसला.

"हे काय आहे?"

"त्यावर उभं राहून आई पोळ्या लाटते," मी म्हणाले. "हा ओटा तिला उंच पडतो."

"आंटी? गुडघे दुखत असताना? यावर?" त्यांनी पाट पायाने किंचित हलवून बघितला. तो डुगडुगला. "किती उंच पडतो?"

मला सांगता आलं नाही. हॉलची लांबी, दोन्ही जिन्यांच्या पायऱ्यांची उंची, बोळाचा उतार, हद्दीच्या भिंतीपासूनचं अंतर, सगळं माझ्याकडे होतं. आईची उंची नव्हती. वर्षानुवर्षं ती पाट ओढून त्यावर चढत होती, आणि मी तो पाट काम झालं की ओट्याखाली सरकवत होते.

"टोक तोडायचंच आहे, तर परत बांधताना तेवढा भाग खाली घेता येईल," आर्किटेक्टबाई म्हणाल्या. "ओटा एकच, सलग. तुमच्या बाजूला आहे तसा, आंटींच्या बाजूला कमी. तुमच्या घराला शोभेलही." त्यांनी हात हवेत आडवा धरला आणि मग थोडा खाली आणून पुन्हा आडवा नेला, अर्ध्या जिन्यासारखा. मुलीला ते इतकं आवडलं की तिने तसाच हात हलवून आजीला दाखवला.

"उगाच कशाला तोडफोड?" आई म्हणाली. "पाट आहे की."

"पाट नाही," नवरा म्हणाला. त्याचा आवाज क्वचितच असा येतो. आईने त्याच्याकडे बघितलं आणि शेंगांचं ताट पुन्हा पुढे ओढलं.

मी टेप काढली. आईला भिंतीशी उभं केलं. मी सांगायच्या आधीच तिने चपला काढल्या.

"हात कोपरात वाकव. लाटणं धरल्यासारखा."

"लाटणं दे मग. नुसता कसा धरू?"

मुलीने लाटणं आणून दिलं. आई लाटणं धरून उभी राहिली. मी कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, त्यातून लाटताना खाली जाणाऱ्या हाताचं अंतर वजा केलं. आर्किटेक्टबाईंनी मान हलवली. आमच्या ओट्यापेक्षा बारा सेंटीमीटर कमी.

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणाले आणि नकाशावर लिहिलं.

आईने लाटणं टेबलावर ठेवलं, चपला घातल्या, आणि परत एकदा ओट्याकडे आणि नकाशावरच्या आकड्याकडे बघितलं.

"दोन बोटं अजून खाली घे."

"अगं, बरोबर आहे हे. आत्ताच मोजलं ना."

"आत्ता बरोबर आहे," आई म्हणाली. "म्हातारं माणूस आकसत जातं. वॉर्डात दिसायचं आम्हाला. पाच-सहा वर्षांनी हाच ओटा मला उंच होईल. तेव्हा काय, परत तोडणार?"

मुलगी काहीतरी बोलणार होती, पण तिच्या बाबाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोन बोटं म्हणजे नक्की किती, हे मला माहीत नव्हतं. मी आईचा हात ओढून टेबलावर सपाट ठेवला आणि तिच्या दोन बोटांवर टेप धरली. मग अठ्ठ्याहत्तर खोडलं आणि पंचाहत्तर लिहिलं.